लग्नाच्या अल्बमसाठी रॅम घेतली, ३६०० वाली काढून साधी ३२०० वाली बसवली

मी सांगलीत घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते, नऊ-दहा वर्षं झाली. फोटोग्राफर हार्डडिस्क आणून देतात, मग फोटो निवडायचे, कलर करायचे, शीट लावायच्या आणि लॅबला पाठवायच्या असं काम. गेल्या वर्षी याच सुमाराला कॉम्प्युटरची रॅम वाढवायला घेतली आणि त्यात जे झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण रॅम घेताना आपण सगळेच बॉक्सवरचा स्पीडचा मोठा आकडा बघतो, आणि त्या आकड्यामागे काय असतं ते मला बरंच सोसून कळलं. दोन रॅमबद्दल लिहितेय. पहिलीचं नाव घेणार नाही, माझ्याकडे आलेली एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, खराब निघाली म्हणून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. दुसरी क्रूशियल कंपनीची साधी डीडीआर४ (ही रॅमची एक पिढी) ३२००, १६ जीबीच्या दोन स्टिक, ती गेले नऊ महिने सीझनमध्ये रोज दहा-बारा तास चालतेय.

आधी गरज काय होती ते सांगते. मशीन म्हणजे एएमडीचा रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, साधं ग्राफिक कार्ड आणि रॅम १६ जीबी. लोक म्हणतात फोटोशॉपला चांगलं ग्राफिक कार्ड घ्या, पण आमच्या कामात आधी रॅम संपते. बारा बाय छत्तीस इंचांची एक शीट धरा, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल झाले. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तरी नुसती एक पूर्ण लेयर ११६ एमबीच्या वर जाते, १६ बिटमध्ये केलं तर त्याच्या दुप्पट. आता बॅकग्राउंड, त्यावर टेक्श्चर, पाच-सहा फोटो, त्यांचे मास्क, सावल्या, वर नावाची कॅलिग्राफी, शिवाय हिस्टरीच्या स्टेप्स, आणि शेजारी लाइटरूम उघडं, क्रोममध्ये व्हॉट्सअॅप उघडं कारण नवरीकडची मंडळी दर दहा मिनिटांनी हा फोटो नको तो घ्या असं कळवत असतात. १६ जीबी कुठल्या कुठं जाते. मग फोटोशॉप एसएसडीवर लिहायला लागतं आणि ब्रश फिरवला की रेघ अर्ध्या सेकंदानं मागून येते. त्या अर्ध्या सेकंदानं दिवसभरात माणूस थकतो हो.

तर ३२ जीबी करायची ठरलं. माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, गेमिंगचा त्याला भारी शौक, त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, रायझन आहे ना तुझ्याकडं, मग ३६०० चीच घे, रायझनला ३६०० लागतं." त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. रायझनच्या आत इन्फिनिटी फॅब्रिक म्हणून एक जोडणी असते, ती रॅमच्या घड्याळाशी एकास एक जुळली की सगळं सुरळीत पळतं, आणि ३६०० ची रॅम असली तर ते घड्याळ त्याच्या निम्म्यावर, १८०० मेगाहर्ट्झवर येतं, या पिढीच्या बहुतेक चिप तिथपर्यंत आरामात जातात. म्हणून ३६०० ला सगळे गोड आकडा म्हणतात. पण एएमडी स्वतः या प्रोसेसरसाठी कागदावर काय लिहितं, तर डीडीआर४ ३२००. त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्यात मोडतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि भावानंही सांगितलं नाही, त्याच्या दृष्टीनं ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

ऑनलाइन मागवली. ३६०० सीएल१८ (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात तो आकडा), लाइटवाली, वर जाड अॅल्युमिनियमचं कव्हर. दिसायला खरंच देखणी होती. बसवली, चालू केलं, आणि टास्क मॅनेजरमध्ये बघते तर स्पीड २४००! मला वाटलं फसवलं. भावाला फोन, तो म्हणाला बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडतं त्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन कर. कुणी नवीन रॅम घेतली असेल तर हे आधी बघा, कारण कित्येक जण ३६०० चे पैसे देऊन वर्षानुवर्षं २४०० नाहीतर २६६६ वर चालवत असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. रॅमच्या स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात दोन प्रकारचे आकडे लिहून ठेवलेले असतात. एक म्हणजे जेडेकचे, ही सगळ्या मेमरी कंपन्यांची मिळून प्रमाण ठरवणारी संस्था, त्यांच्या हिशोबानं डीडीआर४ ला १.२ व्होल्ट. आणि दुसरे कंपनीनं स्वतः टाकलेले एक्सएमपीचे, तिथं बहुतेक वेळा १.३५ व्होल्ट असतो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा दुसऱ्या यादीतला असतो. म्हणजे कंपनी म्हणते आमची स्टिक एवढं पळू शकते, पण तुमचा प्रोसेसर, तुमचा बोर्ड आणि तुमच्या खोलीतली हवा तेवढं पळू देईल का, याची हमी त्यात नाही.

फेब्रुवारी-मार्च मस्त गेले. ब्रश पळायला लागला, लाइटरूमचा एक्सपोर्ट चालू असताना शेजारी शीट लावता यायला लागली. मी चार फोटोग्राफरना सांगितलं पण, की हीच घ्या म्हणून. आता आठवलं की वाईट वाटतं.

एप्रिलच्या शेवटी तासगावचं एक लग्न आलं. फोटोग्राफर दादांनी कार्डच आणून दिली, मी माझ्या मशीनवर कॉपी केली, तिथूनच बॅकअपच्या डिस्कवर टाकली. दोन दिवसांनी फोटो निवडताना अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो उघडला. वरचा भाग स्वच्छ, मुंडावळ्यांचे मोती मोजता येतील इतका स्पष्ट. आणि नवरीच्या नाकाच्या खाली एक सरळ आडवी रेघ. त्या रेघेच्या खालचं सगळं जांभळट झालेलं आणि दोन बोटं उजवीकडं सरकलेलं, हनुवटी एकीकडं आणि गळा दुसरीकडं. बॅकअपमधला उघडला, तोही तसाच. अगदी त्याच जागी तीच रेघ. माझे हातपाय गार पडले. तो क्षण परत थोडाच येणार आहे? नवरीला परत उभी करून काढता येतो का तो फोटो?

दादांना फोन केला, त्यांनी अजून कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं, पुढचं लग्न दोन दिवसांनी होतं म्हणून वाचलो. कार्डातला फोटो स्वच्छ होता. म्हणजे खराबी माझ्याकडं आल्यावर झाली होती, आणि कार्डातून डिस्कवर जाताना मध्ये जो थांबा असतो तो रॅमचा. पण हे मला लगेच सुचलं नाही. मी आधी कार्ड रीडर बदलला, मग केबल, मग एसएसडीची तब्येत तपासली, ती ठणठणीत. फोटोशॉप काढून परत टाकलं. मधूनमधून निळी स्क्रीन यायची आणि दर वेळी तिच्यावर वेगळंच कारण लिहिलेलं असायचं, त्यामुळे आमच्या इथले रिपेअरवाले म्हणाले विंडोज नव्यानं टाकू. टाकली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत तेच. एक गोष्ट लक्षात आली, सकाळी काही होत नव्हतं, दुपारी दोन ते पाच या वेळेतच व्हायचं. आमची खोली वरच्या मजल्यावर पश्चिमेकडची, वर पत्रा, आणि सांगलीचा एप्रिल-मे काय असतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको.

शेवटी भावानंच सांगितलं मेमटेस्ट८६ लाव. हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि मशीन त्याच्यावरून चालू करायचं, विंडोज उघडायचंच नाही. त्याआधी विंडोजमधली मेमरी टेस्ट मी केली होती, तिनं सगळं ठीक सांगितलं होतं, तेव्हा तिच्यावर थांबू नका. मेमटेस्ट रात्री लावलं, सकाळी उठून बघते तर चारही फेऱ्या हिरव्या, एकही एरर नाही. मी म्हटलं चला, रॅम नाही. पण दुपारचंच होतंय हे डोक्यात होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी एक वाजता परत लावलं, कॅबिनेटचं झाकण बंद, खोलीचा कूलर बंद. पावणेतीनला पहिली लाल ओळ आली. त्या ओळीत दोन रकाने असतात, काय लिहिलं होतं आणि वाचताना काय आलं. लिहिलेलं होतं सगळं एफ, आठ वेळा एफ. वाचताना आलेलं सात एफ आणि शेवटी डी. एवढाच फरक. एका बिटाचा, एकच्या जागी शून्य. मी कितीतरी वेळ ती ओळ बघत बसले होते. एवढ्याशा फरकानं नवरीचा चेहरा तुटला होता, कारण जेपीईजी फाइलमध्ये पुढचा भाग मागच्याच्या आधारानं साठवलेला असतो, मध्ये एक बिट चुकला की तिथून खालचं सगळं घसरतं.

मग एकेक स्टिक काढून तपासलं. एक स्वच्छ. दुसरी दुपारी, ३६०० वर, हमखास चुकायची. तीच स्टिक एक्सएमपी बंद करून २४०० वर लावली तर दुपारी पण एकही एरर नाही. हीच यातली सगळ्यात फसवी बाब आहे. स्टिक मेलेली नव्हती, काठावरची होती. मेलेली असती तर मशीन चालूच झालं नसतं आणि मी पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

हे का होतं ते नंतर वाचून समजून घेतलं, आणि मला वाटतं रॅम घेणाऱ्या प्रत्येकानं एवढं तरी समजून घ्यावं. रॅममधला एकेक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यात चार्ज आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. ही एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटरची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६८ चं पेटंट आहे, आजही रॅम त्याच तत्त्वावर चालते. पण तो कपॅसिटर गळका असतो, रांजणाला बारीक भेग असावी तसा, त्यातला चार्ज सतत झिरपत असतो. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत परत वाचून परत भरावी लागते, याला रिफ्रेश म्हणतात. आणि उष्णता वाढली की गळती वाढते, इतकी की चिप ८५ डिग्रीच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो असं प्रमाणातच लिहिलेलं आहे. आता याच चिपला वेगानं पळायला लावायचं म्हणजे वाचायला-लिहायला मिळणारा वेळ कमी करायचा, व्होल्टेज वाढवायचं म्हणजे उष्णता थोडी अजून वाढणार, शेजारी ग्राफिक कार्ड गरम हवा सोडतंय, वरून पत्रा तापलाय. कारखान्यात टेस्टिंगला गार खोलीत पास झालेली चिप माझ्या खोलीत काठावरून खाली पडली, एवढंच झालं.

आणि हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. गूगलनं आपल्या हजारो सर्व्हरवर अडीच वर्षं नजर ठेवून २००९ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी एरर सापडला होता. त्यांच्याकडं ती चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती म्हणून मोजता आलं. आपल्याकडच्या साध्या मशीनमध्ये चूक झाली तर सांगणारं कुणीच नसतं, ती गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते आणि बॅकअपमध्ये पण तीच जाते. निळी स्क्रीन आली तर उलट नशीब समजा, निदान कळलं तरी.

वॉरंटीचं थोडक्यात सांगते. विकणाऱ्यानं मुदत संपली म्हणून हात वर केले, कंपनीनं घेतली पण दोन्ही स्टिक एकत्र पाठवायला लावल्या, बदलून यायला पाच आठवडे गेले. मे महिना, ऐन सीझन, पाच आठवडे. जुनी १६ जीबी परत लावून काम रेटलं. बदलून आलेली रॅम चांगली निघाली, ती भाच्याच्या गेमिंगच्या मशीनमध्ये ३६०० वर आजही मजेत चालतेय, ते पण सांगायला हवं. पण माझ्या मशीनमध्ये ती परत लावायची माझी हिंमत झाली नाही.

जूनमध्ये डोंबिवलीला नणंदेकडं जायचं होतं, म्हटलं एक दिवस मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन डोळ्यांनी बघून घेऊ. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, दुकानं लहान-लहान, काउंटरवर एकावर एक बोर्डांचे खोके, आणि प्रत्येक जण आधी भाव सांगतो. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर काका भेटले, त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ताई, लाइटवाली कशाला? बिलिंगच्या मशीनला, सीएच्या ऑफिसला मी देतो ती घेऊन जा. पाच-पाच वर्षं परत येत नाहीत लोक." आणि काढून दिली ती ही क्रूशियल. मी म्हटलं जुन्या दोन ८ जीबीच्या पण सोबत लावते, ४८ होतील. त्यांनी नको म्हणून सांगितलं, आणि कारणही बरोबर दिलं. चार स्टिक लावल्या की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो, एएमडीच्या स्वतःच्या आकड्यांत या पिढीला दोन स्टिकला ३२०० आहे पण चार लावल्या तर सिंगल रँकला (स्टिकवर चिपांचा एकच गट) २९३३ आणि ड्युअल रँकला (दोन गट) २६६७ पर्यंत खाली येतं. वेगवेगळ्या चिपच्या जोड्या मिसळल्या तर अजून भानगडी. जास्त हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या, १६ च्या चार नकोत.

त्याच गल्लीत एका ठिकाणी सर्व्हरची जुनी ईसीसी रॅम एकदम स्वस्तात होती. मी हुरळले होते, ईसीसी म्हणजे चूक दुरुस्त करणारी, मला तेच तर हवं होतं. काकांनीच थांबवलं. सर्व्हरमधून निघालेली बहुतेक रॅम रजिस्टर्ड असते, ती स्लॉटमध्ये बसते पण आपल्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. आपल्याला लागते ती अनबफर्ड ईसीसी, ती वेगळी. स्वस्त बघून कुणी घेऊ नका, लेबलवर आर किंवा रेग दिसलं की सोडून द्या.

आता या क्रूशियलबद्दल. १६ जीबीच्या दोन स्टिक, ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट. दिसायला काहीच नाही, कव्हर नाही, लाइट नाही, उघड्या काळ्या चिपा आणि एक पांढरं लेबल. उंची कमी असल्यामुळे प्रोसेसरवरच्या मोठ्या एअर कूलरच्या खाली आरामात मावते, आधीच्या जाड कव्हरवालीला त्या कूलरचा फॅन वर सरकवावा लागला होता. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवली, दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांना हीच जागा लागते, शेजारी-शेजारी बसवल्या तर ड्युअल चॅनेल, म्हणजे डेटाला ये-जा करायला दोन वाटा, मिळत नाही आणि रॅमचा डेटा ने-आण करायचा वेग अर्ध्यावर येतो. मशीन चालू केलं आणि बायोसला हातही न लावता स्पीड ३२०० आली. कारण इथं ३२०० हा जेडेकच्याच यादीतला आकडा आहे, एक्सएमपीची गरजच नाही. या एका गोष्टीसाठी मी ही रॅम कुणालाही सुचवेन. बॉक्सवर जे लिहिलंय ते प्रोसेसरच्या कागदावर पण आहे, बोर्डाच्या कागदावर पण आहे, तिघांचा मेळ बसतो.

कागदावर ही हळू आहे, ते लपवत नाही. हिशोब सोपा आहे, सीएलचा आकडा गुणिले २००० भागिले स्पीड, उत्तर नॅनोसेकंदात येतं. माझी आधीची ३६०० सीएल१८ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल१६ घेतली तरी तेच १०, म्हणजे मोठा आकडा बघून ३६०० घेणाऱ्याला निदान या बाबतीत काही जास्त मिळत नाही. आणि ही सीएल२२ म्हणजे १३.७५. ऐकायला फरक मोठा वाटतो. म्हणून मी घड्याळ लावून बघितलं, तेच लग्न, तेच आठशे फोटो, तोच लाइटरूमचा एक्सपोर्ट. वीसएक मिनिटांच्या कामात जेमतेम मिनिटभर जास्त लागलं. ब्रशमध्ये तर काहीच फरक जाणवला नाही. १६ वरून ३२ जीबी केल्यावर जो फरक पडला त्याच्यापुढं हा फरक म्हणजे काहीच नाही. मला मिळालेला सगळा आनंद जीबीचा होता, मेगाहर्ट्झचा नव्हताच, आणि मी ते श्रेय लाइटवाल्या ३६०० ला देत होते.

वेग कुणालाच नको असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्याकडं वेगळं ग्राफिक कार्ड नाही, ५६००जी सारखा प्रोसेसर आहे, त्यांना रॅमचा वेग खूप उपयोगी पडतो कारण ग्राफिक्सही त्याच रॅममधून चालतं, तिथं एका १६ च्या ऐवजी दोन ८ च्या घेतल्या तरी गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक. भाच्यासारखी जास्त फ्रेमची हौस असेल तर ३६०० ठीक. गेम मध्येच बंद पडला तर परत चालू करता येतो. त्याच्या मशीनमध्ये माझ्यासारखे कुणाचे लग्नाचे फोटो नसतात.

चिपबद्दल थोडं, कारण खरा माल तोच. रॅम विकणारी नावं ढीगभर, पण आतली चिप बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीचे बहुतेक चिप विकत घेऊन स्टिक बनवतात. त्यामुळे एकाच मॉडेल नंबरच्या दोन स्टिकमध्ये वेगळ्या कंपनीच्या चिपा निघू शकतात. कॉर्सेरची व्हेंजन्स एलपीएक्स घ्या, लेबलवर बारीक अक्षरात व्हर्जन असतं, त्यातला पहिला आकडा ३ असेल तर मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स. तुम्ही सहा महिन्यांनी तीच रॅम म्हणून दुसरी जोडी आणली तर आत वेगळंच असू शकतं, म्हणून दोन स्टिक हव्या असतील तर एकाच पाकिटातली जोडी घ्या, सुट्या जमवू नका. सॅमसंगची बी-डाय म्हणून एक चिप ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची फार लाडकी होती, अजूनही लोक जुन्या बाजारात शोधतात, पण कामाच्या मशीनला तिच्या मागे लागायची काही गरज नाही. क्रूशियलचं मला हे आवडलं की ती मायक्रॉनचीच, म्हणजे चिप बनवणारा आणि स्टिक विकणारा एकच. घरी आल्यावर सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाकून एसपीडीच्या टॅबमध्ये चिप कुणाची ते बघता येतं, फुकट आहे, मी बघितलं, मायक्रॉन. आणि चिपवरची अक्षरं घासलेली दिसली, किंवा स्टिकरच्या खाली काहीच छापलेलं नसेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

ईसीसीचा विचार मी सोडलेला नाही. तिच्यात ६४ बिटांच्या सोबत ८ जादा बिट असतात, स्टिकवर आठच्या ऐवजी नऊ चिपा दिसतात, एक बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडून सांगते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारे लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०२१ च्या सुरुवातीला इंटेलवर जाहीर टीका केली होती की साध्या लोकांच्या मशीनमधून ईसीसी काढून घेतली, आणि मला ते शंभर टक्के पटतं. रायझनमध्ये ईसीसी चालू शकते पण ते बोर्डावर अवलंबून, बोर्डाच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच नादी लागा. अडचण अशी की सांगलीत तर सोडाच, लॅमिंग्टन रोडला पण अनबफर्ड ईसीसी मागितली की चार दुकानांत नाही म्हणाले. आता डीडीआर५ मध्ये आत ईसीसी आहे असं दुकानदार सांगतात, ते अर्धं खरं आहे. ती चिपच्या पोटातल्या चुका दुरुस्त करते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर तिथं तिचा उपयोग नाही. पूर्ण ईसीसी म्हणून ती घेऊ नका.

एक वाईट बातमी पण आहे, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं जाहीर केलं की क्रूशियलचा ग्राहकांचा धंदा ते बंद करतायत, एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवायची म्हणून, आणि माल फेब्रुवारी २०२६ पर्यंतच जाईल. म्हणजे आता जी मिळेल ती दुकानातल्या साठ्यातली. आधी विकलेल्याची वॉरंटी चालू राहील असं त्यांनी सांगितलंय, म्हणून बिल जपून ठेवा, मी तर फोटो काढून ड्राइव्हवर टाकलाय. भाव पण त्याच कारणानं खूप चढलेत, मी जूनमध्ये दिलेल्या पैशात आज तेवढी रॅम मिळत नाही. खूप वाईट वाटतं, कारण साध्या लोकांसाठी साधी, नीट चालणारी वस्तू होती ती. आता कुणी विचारलं तर मी किंग्स्टनची १.२ व्होल्टवाली साधी सांगते, आणि नाव कुठलंही असो, लेबलवर १.२ व्होल्ट आणि प्रोसेसरच्या कागदाइतकाच स्पीड आहे का ते बघून घ्यायला सांगते. डीडीआर५ चं मशीन असेल तर तिथं हाच आकडा १.१ व्होल्ट.

आणि घेतल्याबरोबर, परत करायची मुदत संपायच्या आत, मेमटेस्ट. गारव्यात नाही, आपली खोली सगळ्यात जास्त तापते त्या वेळेला. मी जूनमध्ये ही बसवली तेव्हा पाऊस सुरू झाला होता, हवा गार, चार फेऱ्या स्वच्छ गेल्या पण माझं समाधान झालं नाही. म्हणून ऑक्टोबर हीटमध्ये एकदा दुपारी लावली, झाकण बंद, कूलर बंद. संध्याकाळी सातपर्यंत एकही लाल ओळ नाही. आता परत एप्रिल तोंडावर आलाय. येत्या रविवारी दुपारी एकला परत लावणार आहे, सोमवारी मिरजेच्या लग्नाची कार्डं येतायत त्याच्या आधी. आणि फोटोग्राफर दादांना सांगून ठेवलंय, मी कॉपी तपासून फोन करेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.